गुरुमुखातला श्वास

फाल्गुन उतरणीला लागला की नागपुरात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. घरोघरी वाळ्याच्या ताट्या माळ्यावरून उतरवून झटकल्या जातात, आणि देवळांच्या ओट्यांवर परीक्षेची मुले येऊन बसतात. वाळा मागल्या वर्षीचा असतो, करडा आणि ठिसूळ झालेला. पाणी मारले की प्रथम त्याला धुळीचा वास येतो, आणि मग बऱ्याच उशिराने त्याचा स्वतःचा. मुले मात्र दर वर्षी नवी. पुस्तकात बोट घालून, डोळे मिटून, ओठ हलवीत बसलेली ती मुले मी सकाळच्या दर्शनाहून परतताना पाहतो आणि मला थकवा येतो. वय झाले आहे हे खरेच. पण हा थकवा पायांचा नव्हे. कोणाचे पाठांतर कानी पडले की माझ्या आत दुसरे एक पाठांतर जागे होते, आणि ते संस्कृत नसते.

मी वेदपाठशाळेत वाढलेला माणूस. वयाच्या आठव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत महाल पेठेतल्या एका अंधाऱ्या ओसरीवर गुरुजींसमोर बसून मी संथा घेतली. संथा म्हणजे गुरूने एकदा म्हणायचे आणि शिष्याने दोनदा. अर्थ विचारायचा नाही. अर्थ पुढे कधीतरी, योग्यता आली की, आपण होऊन येतो अशी त्या घराची श्रद्धा होती आणि माझीही होती. स्वर कोठे उंचावतो, कोठे उतरतो, श्वास कोठे घ्यायचा, हे सारे पाठाचाच भाग. श्वासाची जागा चुकली तर गुरुजी डोळे उघडीत, आणि त्यांचे उघडलेले डोळे ही आमची छडी होती.

अशा मुलाने एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस कॉलेजात जाऊन इटालियन भाषा शिकावी, याला कारण आमचे संस्कृतचे प्राध्यापक. फादर आन्सेल्मो नावाचे एक वृद्ध इटालियन धर्मोपदेशक त्यांच्याकडे उपनिषदे वाचायला येत. विद्येच्या बदल्यात विद्या द्यावी म्हणून त्यांनी कॉलेजात आठवड्यातून तीन दुपारी इटालियनचा वर्ग घेण्याचे मान्य केले. प्राध्यापक मला म्हणाले, "तुझे कान तयार आहेत. जाऊन बैस." मी जाऊन बसलो. आम्ही प्रथम चौघे होतो. दिवाळीनंतर दोघे उरलो, मी आणि सुजाता.

फादर पंचवीस वर्षे विदर्भातल्या खेड्यांतून हिंडलेले. त्यांचे मराठी खेड्यातल्या पारांवर आणि बाजारांत घडलेले होते. पांढरा झगा, निळे डोळे, छातीवर क्रूस, आणि तोंडात अस्सल वऱ्हाडी. पहिल्याच दिवशी मी पाच मिनिटे उशिरा पोचलो, तेव्हा ते म्हणाले, "काहून गा, आज सूर्य उशिरा उगवला का महालात?" मी शुद्ध मराठीत क्षमा मागितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि सुजाताला विचारले, "हा काय म्हणून राहिला वं?" ती तोंडावर पदर धरून हसली. त्या वर्गात परदेशी कोण होते, हे त्या दिवशी ठरून गेले.

सुजाता नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली. तिचे वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करीत. ती लहान असताना त्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला होता. आणि घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिली. इटालियन कशासाठी, असे मी तिला एकदा विचारले. "तुम्हाले कोणी विचारलं का, शास्त्रीबुवा, संस्कृत कशासाठी? मग मलेच काहून विचारता?" पुढे ती एवढेच म्हणाली, "शिकवणारा भला आहे. अन् शिकायले बंदी नाही. एवढं पुरत नाही का?"

पुस्तके कधी आलीच नाहीत. मागवलेले पार्सल कोठेतरी अडकले. तेव्हा फादर स्वतःच पाठ रचू लागले. डोळे मिटून ते आपल्या डोंगरातल्या गावाविषयी बोलत. एका पाठात दहा-बारा वाक्ये. असे चोवीस पाठ झाले. ते कोठे छापलेले नव्हते, फादरांनी लिहूनही ठेवले नव्हते. सुजाता वहीत खुणा करी, मधेच हात वर करून विचारी, चुकत बोले, स्वतःच्या चुकीला आधी स्वतः हसे. मला मात्र ही व्यवस्था ओळखीची वाटली. ग्रंथ नाही, केवळ मुख आणि कान. मी पाठशाळेतल्याप्रमाणे मांडी घातली (बाकावर ती घालता येते, सवय लागते) आणि संथा घेऊ लागलो.

काय काय होते त्या पाठांत! त्यांच्या गावी चेस्टनट नावाचे शिंगाड्यासारखे फळ होते. शरदात ते धुरावर वाळवून त्याचे पीठ करीत आणि गरिबांचा सगळा हिवाळा त्या पिठावर निघे. मी हे घरी सांगितले. आई निवडणटिपण करता करता म्हणाली, "म्हणजे तुमच्या फादरांना एकादशीला चालेल ते." एका पाठात त्यांची आई भाकरीसारखा मोठा पाव ताटात पालथा पडू देत नसे, पडला तर उचलून, कपाळाला नव्हे, ओठांना लावून सुलटा ठेवी. अन्नाला पालथे घालणे हे पाप. एका पाठात नोव्हेंबरातली ती तिथी होती, जिच्या आदल्या सायंकाळी घरातल्या बायका पाण्याची बादली भरून स्वयंपाकघरात ठेवीत, कारण गेलेली माणसे तहानलेली येतात. मी तो पाठ म्हणू लागलो तेव्हा मला आमच्या पितृपक्षातली दुपार दिसे, दर्भ, तीळ, ओंजळीतून सुटणारे पाणी. मी लहानपणापासून ऐकत आलो होतो की समुद्रापलीकडे आचार नाही. आचार होता. पाणीही तेच होते. नुसती बादली निराळी.

त्या वर्षी कॉलेजातली इतर मुले निवडणुका, गॅदरिंग, बर्डीवरची नवी सिनेमागृहे यांत बुडालेली असत. माझे सारे कॉलेज मात्र तळमजल्यावरच्या त्या एका खोलीत मावले होते. सायकलवरून घरी जाताना मी पाठ म्हणत जाई. महालाच्या गल्ल्यांत सायकलरिक्षावाले "बाजू व्हा, महाराज" म्हणत, आणि मी एका अनोळखी डोंगरावरची बर्फाची वाट उतरत असे.

एकदा सुजाता म्हणाली, "शास्त्रीबुवा, तुम्ही बोलून नाही राहिले. तुम्ही म्हणून राहिले."

"म्हणता आले म्हणजे बोलता येईलच," मी म्हणालो.

"कधी? फादर गेल्यावर?"

ती हे थट्टेने म्हणाली असे मला तेव्हा वाटले. ती थट्टा नव्हती. मार्गशीर्षात एकदा वर्ग सुटल्यावर तिने फादरांना जिन्याच्या भिंतीला टेकून उभे असलेले पाहिले होते. ओठ निळे, हात कठड्यावर. त्यांचे हृदय थकले होते आणि छातीत पाणी साठू लागले होते. त्यांनी तिला शपथ घातली होती: कोणाला सांगायचे नाही. त्यांच्या संघाचा नियम असा की प्रकृती ढासळलेल्या वृद्धाला मायदेशी परत धाडायचे. आणि त्यांना परत जायचे नव्हते. आई गेली, भाऊ गेले, गावातली अर्धी घरे बंद झाली. ज्यांच्या लग्नात जेवले, ज्यांच्या मयतीला चालले, ती माणसे सगळी इकडची. आमच्यासमोरही ते एकदा सहज बोलून गेले होते, "मले आता इथंच राहायचं आहे गा. इथल्याच मातीत." मी ते वाक्य ऐकले. त्याचा अर्थ विचारला नाही. ती माझी सवयच नव्हती.

जिन्याची गोष्ट सुजाताने पोटात ठेवली. मला ती परीक्षेनंतर कळली.

चैत्राच्या पहिल्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. ऊन इतके की कॉलेजच्या आवारातले डांबर चपलेला चिकटे. शिपायाने खिडकीच्या ताटीवर पाणी मारले होते. परीक्षक म्हणून मुंबईहून फादरांच्या संघाचे एक वरिष्ठ धर्मगुरू आले होते. तेही इटालियन, अंगाने भरलेले, डोळ्यांनी दयाळू. मराठीचा मात्र त्यांना गंध नव्हता. फादर त्यांच्या शेजारी खुर्चीत ताठ बसले होते. त्यांचे ते ताठ बसणे किती कष्टाचे होते, हे त्या खोलीत फक्त सुजाताला माहीत होते.

तिची परीक्षा आधी झाली. घराविषयी सांग, असे पाहुण्यांनी म्हटले. तिने सांगितले. गिरणीचा भोंगा, वडिलांच्या केसांतला कापूस, विहिरीवरची भांडणे. चुकली, अडली, हातवारे केले. पाहुणे दोनदा मोठ्याने हसले आणि एकदा पुढे वाकून ऐकू लागले.

मग मी. मलाही तेच विचारले. घराविषयी सांग. माझ्यापाशी एका परक्या घराविषयी चोवीस पाठ होते. माझ्या घराविषयी एक वाक्य नव्हते. मी इंग्रजीत म्हणालो की मला पाठ येतात. ते हसून म्हणाले, तर मग पहिला म्हण.

पहिला पाठ श्रावणात घेतलेला. मी डोळे मिटले आणि म्हटला. पाहुणे चकित झाले. फादरांच्या मांडीवर थाप मारून ते काहीतरी म्हणाले, त्याचा आशय मला पुढे सुजाताने सांगितला, "हा तर तुमच्याच डोंगरातून आला आहे!" फादरांचा चेहरा उजळला. शिष्याच्या मुखाने गुरूची अशी ओळख पटावी, याहून मोठे भाग्य मला ठाऊक नव्हते. आता शेवटचा म्हण, असे पाहुणे म्हणाले.

शेवटचा पाठ माघातला. मी म्हणू लागलो. पहिल्या वाक्यात एक श्वास, मग एक बारीक शीळ. दुसरे वाक्य तीन तुकड्यांत. तिसऱ्यात शब्दाच्या मधोमध थांबून गिळलेला आवंढा. हे सारे मी जसे घेतले तसे देत होतो. तो पाठ असाच होता. आठ वर्षे मला असेच शिकवले गेले होते की गुरूने जेथे श्वास घेतला तेथेच श्वास घ्यायचा. आणि फादरांनी तेथे श्वास घेतला होता.

अर्ध्यावर पाहुण्यांनी हात वर केला. खोलीत ताटीवरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज राहिला. त्यांनी फादरांकडे पाहिले. फादर इटालियनमध्ये काही म्हणाले, हसत, खांदे उडवून. मुलाची सवय आहे, असे काहीतरी. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सहज आवाजात, पाहुण्यांना कळू नये अशा मराठीत म्हणाले:

"मधात मधात थांबू नको गा. सलग म्हण. पहिला म्हटला तसा. म्हणशील नं?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिले. त्या डोळ्यांत विनवणी होती. एवढे ओळखण्याइतका मी मूढ नव्हतो, पण विनवणी कशाची, हे मला कळत नव्हते. मी पुन्हा सुरुवात केली. पहिले वाक्य आले, श्वासाची जागा आली, आणि मी थांबलो.

जीभ वळली नाही असे मी पुष्कळ वर्षे लोकांना, आणि संध्येला बसल्यावर देवालाही, सांगत आलो. ते पूर्ण खरे नाही. एक क्षण होता. त्या क्षणी मला सलग म्हणता आले असते. पण मनात असा विचार आला की हे मला तपासत आहेत. पाठशाळेतही गुरुजी मुद्दाम चुकीचे सांगून शिष्य ढळतो का ते बघत. पाठाला हात लावायचा नाही. मी ढळलो नाही. मी तो पाठ शेवटपर्यंत, प्रत्येक शिळेसकट, निर्दोष म्हटला.

मग पाहुण्यांनी सातवा पाठ मागितला. मग बारावा. मग अठरावा. वैद्य जसा पाठीवर कान ठेवून एकेक जागा सरकतो, तसे. श्रावणातून कार्तिकात, कार्तिकातून पौषात, माझ्या तोंडून एका माणसाचा दम महिन्यामहिन्याने कमी होत गेला, आणि तो माणूस शेजारी बसून ते ऐकत होता. विसावा पाठ चालू असताना फादर ताठ बसायचे सोडून हळूच खुर्चीला टेकले. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटले, प्रसन्न झाले.

मला पहिला क्रमांक मिळाला.

सुजाता सायकलस्टँडजवळ निंबाखाली उभी होती. निंबाचा मोहोर तिच्या पुस्तकांवर पडत होता आणि ती तो झटकत नव्हती.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"कशाचे?"

तिने जिन्याची गोष्ट सांगितली. शपथेची, नियमाचीही.

"मले सगळं माहीत होतं, मी एक शब्द बोलली नाही. तुम्हाले काहीच माहीत नव्हतं, अन् तुम्ही सगळं सांगून मोकळे झाले."

"मला ठाऊक नव्हते," मी म्हणालो.

"चोवीस पाठ रोज घोकत होते न तुम्ही? रोज! शीळ पाठ केली, शास्त्रीबुवा. ती शीळ आहे काहून, हे एकदाही नाही वाटलं विचारावं?"

हा प्रश्न मला नंतर अनेकांनी अनेक शब्दांत विचारला असता तरी चालले असते. एकदाच विचारला गेला. त्याचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही, आणि आज, फादरांहून अधिक उन्हाळे पाहून झाल्यावरही, देवासमोर बसलो तरी ते मला सुचत नाही. श्रद्धेला कान असतात हे मला शिकवले गेले होते. तिला डोळेही लागतात, हे शिकवायला बहुधा कोणाला अवसर झाला नाही. की मीच त्या तासाला उशिरा पोचलो, कोण जाणे.

वैशाखात फादर निघाले. मुंबई गाडीला सात-आठ खेड्यांतली माणसे आली होती. कोणी संत्र्यांची करंडी आणली होती, कोणी कुरडया. फादर प्रत्येकाला नावाने हाक मारीत होते, प्रत्येक नावानंतर थांबत होते. मी फलाटावरच साष्टांग नमस्कार घातला. लोक बाजूला झाले. उठलो तेव्हा माझ्या कपाळाला कोळशाची पूड लागली होती आणि फादर ती आपल्या रुमालाने पुसत होते.

"बी.ए.चे पेपर कसे गेले गा?" त्यांनी विचारले.

"बरे गेले."

"बरं झालं."

एवढेच. मला क्षमा मागायची होती, पण ती मागायला चोवीस पाठांत एकही वाक्य नव्हते, आणि मराठीत मागावी एवढे धैर्य नव्हते. गाडी हलली. सुजाता खिडकीबरोबर थोडी चालली, काहीतरी इटालियनमध्ये बोलत, चुकत, आणि ते मान हलवीत राहिले.

पुढचे वर्ष आमचे शेवटचे होते. वर्ग बंद पडला होता. मी त्या पावसाळाभर एक पत्र लिहीत होतो. शब्दकोश उसना आणला, एकेक शब्द शोधून जोडू लागलो, जसे मूल अक्षरे जोडते. नऊ वाक्ये झाली. आयुष्यात कोणाच्या मुखातून न घेतलेली ती माझी पहिली वाक्ये, त्या भाषेतली तर नक्कीच, कदाचित कोणत्याही भाषेतली. आठव्या वाक्यात क्षमा मागितली होती. ते घेऊन मी सुजाताकडे गेलो, तपासून दे म्हणालो. तिने उभ्या उभ्या वाचले. राग तोवर निवला होता, तरी पुरता गेला नव्हता.

"चुका आहेत," ती म्हणाली.

"म्हणून तर आणले."

"राहू द्या. तुमच्या आहेत त्या." तिने कागद परत दिला. मी तसाच पाठवला.

उत्तर आले ते पुन्हा परीक्षेच्याच दिवसांत, संत्र्याचा दुसरा बहार बाजारात उतरला होता तेव्हा. फादरांचे अक्षर वाकडे झाले होते. वाक्ये लहान होती. गावात बर्फ आहे. खिडकीतून देवळाचे छप्पर दिसते. डॉक्टर समाधानी आहेत. इथे कोणी 'काहून' म्हणत नाही. त्या कागदासोबत माझेच पत्र होते. त्यांनी ते तांबड्या शाईने तपासून परत पाठवले होते. पहिल्या वाक्यापासून नवव्यापर्यंत प्रत्येक चूक खोडून वर बरोबर शब्द लिहिला होता. आठव्या वाक्यातही. क्षमायाचनेतले दोन शब्द सुधारले होते आणि पुढच्या वाक्याकडे गेले होते. क्षमा केली, न केली, कशाचा उल्लेख नव्हता. त्यानंतर त्यांचे पत्र आले नाही. दोन वर्षांनी ते तिकडेच वारल्याचे प्राध्यापकांकडून कळले. तिकडच्या उपचारांनी ती दोन वर्षे मिळाली की इकडची माणसे तुटल्याने तेवढीच उरली, हे मी कोणाला विचारू शकलो नाही. दर वर्षी, ताट्या निघाल्या की, मी त्या दोन वर्षांना दोन्ही बाजूंनी उचलून पाहतो. वजन तेच भरते. मग हात दुखतात.

पत्र आले त्या दुपारी मी ते सुजाताला दाखवले. आम्ही ग्रंथालयाच्या व्हरांड्यात होतो. आत पंखे बंद होते आणि मुले पुस्तकांनी वारा घेत होती. तिने फादरांचे पत्र वाचले, मग माझे तांबडे झालेले. आठव्या वाक्यावर तिचे बोट थांबले. पांढऱ्या कागदावर त्या दोन तांबड्या शब्दांची अक्षरे इतर अक्षरांहून सावकाश काढलेली होती, हात कापू नये म्हणून जपून.

"बघ," मी म्हणालो. "चूक सुधारली. बाकी काही नाही."

"अन् माफी?"

"ती कोठे लिहिली आहे?"

सुजाताने पत्राची नीट घडी केली, माझ्या हातात दिली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे कीव करावी तसे नव्हे, तर आपल्या घरच्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले.

"दम लागलेल्या माणसानं तुमच्यासाठी नऊ वाक्यं दुरुस्त केली, शास्त्रीबुवा," ती म्हणाली. "आता ते बी लिहूनच द्यावं लागते का तुम्हाले?"